मक्याची कणसं अर्धीच भरली, बियाणं बोगस की परागाचा घोळ?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठे करून बघितले. आधी प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही राहता घणसोलीला, जमीन मुरबाडजवळ, भात निघाल्यावर भेंडी लावली आणि भेंडीच्या मधे मधे दोन-दोन ओळी हायब्रिड मका टाकला, पेरणी जानेवारीच्या शेवटी. झाडं डोक्याच्या वर गेली, पानं हिरवीगार, पण कणसं सोलली तर निम्मी दातपडकी. आता शेजारी म्हणतात बियाणं बोगस, दुकानदार म्हणतो बोरॉन मारा, कोणीतरी मधमाश्यांची पेटी ठेवायला सांगितली, आणि तुम्ही विचारताय की नुसत्या परागाच्या गडबडीने उत्पन्न एवढं पडू शकतं का.

पडू शकतं. आणि तुमच्या फोटोंवरून मला तरी तेच झालेलं दिसतंय, पण शंभर टक्के नाही, कारण दोन-तीन गोष्टी तुम्ही लिहिल्याच नाहीत (पाणी नेमकं कधी चुकलं, केस कधी बाहेर आले). मी बावीस वर्षं मक्याच्या बीजोत्पादनात काढली, आता ऐरोलीत घरीच असते, मुरबाड-शहापूरकडच्या ओळखीच्या लोकांचे प्लॉट अधूनमधून बघायला जाते. त्यामुळे जे सांगतेय ते पुस्तकातलं कमी आणि उन्हात उभं राहून बघितलेलं जास्त.

मुळात मक्याचं गणित बाकी पिकांपेक्षा वेगळं आहे. नर वर तुऱ्यात, मादी खाली कणसात, दोघांत तीन-चार फुटांचं अंतर. कणसातून जे केस बाहेर येतात ना, तो एकेक केस एकेका दाण्याचा असतो. एक केस, एक दाणा. त्या केसावर पराग पडला, रुजला, त्याची नळी केसाच्या आतून वीत-दीड वीत खाली उतरून दाण्यापर्यंत पोचली (साधारण एक दिवस लागतो) की दाणा धरला. नाही पोचली तर ती जागा रिकामी, मग तुम्ही नंतर कितीही खत घाला, पाणी द्या, तिथे दाणा येणार नाही. एका कणसात सातशे ते हजारपर्यंत दाण्यांच्या जागा तयार होतात, शेतात भरतात त्या चांगल्यात चांगल्या चारशे ते सहाशे. म्हणजे थोडं कमीजास्त सगळ्यांचंच होतं, टोकाला बोटभर रिकामं राहिलं तर रडू नका.

हिशोब करून बघा. कणसावर दाण्यांच्या ओळी कायम सम संख्येत असतात, बारा, चौदा, सोळा, विश्वास नसेल तर आत्ता घरातलं कणीस घेऊन मोजा. समजा १४ ओळी, प्रत्येकीत ३० दाणे, झाले ४२०. हजार दाण्यांचं वजन २८० ग्रॅम धरलं तर एका कणसाचे जवळपास ११८ ग्रॅम, एकरी २५,००० कणसं म्हणजे साधारण २९ क्विंटल. तेच शेत, तेच खत, तीच झाडं, फक्त ओळीत ३० ऐवजी २० दाणे धरले तर साडेएकोणीस क्विंटल. दहा क्विंटल गेले कुठे, तर फुलोऱ्याच्या त्या आठ-दहा दिवसांत. जे दाणे राहतात ते थोडे जाड होतात, थोडी भरपाई होते, पण ती पूर्ण कधीच होत नाही. संख्या फुलोऱ्यात आणि त्याच्या पुढच्या पंधरवड्यात ठरते, त्यानंतर फक्त वजन ठरतं.

मधमाश्यांचं एका वाक्यात उरकते. मधमाशी मक्याच्या तुऱ्यावर पराग गोळा करायला येते हे खरं, पण केसात मध नसतो, ती खाली कणसाकडे फिरकतच नाही, त्यामुळे पेटीचे पैसे भेंडी-काकडीसाठी ठेवा. मक्याचं लग्न वारा लावतो.

आणि वाऱ्याची पण मजा आहे, मक्याचा पराग जड असतो, त्यामुळे बहुतेक सगळा पंधरा-वीस पावलांच्या आतच खाली बसतो. एका तुऱ्यातून लाखो कण पडतात पण ते आपल्याच झाडाच्या कणसावर फारसे पडत नाहीत, शंभरातले पाचेक दाणे स्वतःच्या परागाचे, बाकी सगळे शेजाऱ्यांच्या. म्हणजे तुमच्या झाडाला दाणे द्यायचं काम आजूबाजूची झाडं करतात. आता तुमचा प्लॉट आठवा. दोन ओळी मका, मग आठ-दहा ओळी भेंडी, मग परत दोन ओळी मका. वारा आडवा वाहिला की पिवळी भुकटी सगळी भेंडीच्या पानांवर. मका पट्ट्यात लावण्यापेक्षा चौकोनात लावायचा असतो, तेवढीच झाडं पण सहा-आठ ओळी जवळजवळ, लांबी कमी केली तरी चालेल. चार ओळींच्या खाली तर जाऊच नका. तुमच्या तिसऱ्या फोटोतली कणसं, जिथे दाणे सगळीकडे विखुरलेले आहेत, एक इथे, दोन तिथे, ती मला पराग कमी पडल्याची वाटतात, आणि मी पैज लावते की ती अगदी कडेच्या ओळीतली आहेत.

आता कणीस वाचायचं कसं ते सांगते, हे मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं आणि अजूनही मी यंत्रबिंत्र काही वापरत नाही. केस बुडाच्या दाण्यांचे आधी बाहेर येतात, टोकाच्या दाण्यांचे सगळ्यात शेवटी, चार-पाच दिवसांनी. म्हणून रिकामी जागा कुठे आहे त्यावरून कुठल्या दिवशी गडबड झाली ते कळतं. बूड रिकामं आणि टोक भरलेलं असेल तर केस आधी आले आणि पराग उशिरा, हे शेतात क्वचित दिसतं. टोक रिकामं असेल तर दोन शक्यता, आणि इथेच लोक फसतात. एक म्हणजे टोकाचे केस बाहेर येईपर्यंत पराग संपला. दुसरी म्हणजे पराग मिळाला, दाणा धरला, पण झाडाला तो पोसता आला नाही म्हणून झाडाने सोडून दिला. फरक बघायचा तर नखाने टोक खरवडा. दाणा धरलाच नसेल तर तिथे नुसती चपटी बारीक कोंदणं दिसतात, धरून सुकला असेल तर पांढुरके, सुरकुतलेले, फुग्यातली हवा गेल्यासारखे छोटे दाणे सापडतात. पहिला दोष परागाचा, दुसरा पाण्याचा, नत्राचा किंवा ढगाळ हवेचा. तुमच्या पहिल्या दोन फोटोत मला टोकाला ते सुरकुतलेले दिसतायत असं वाटतं, पण फोटो धूसर आहे, तुम्हीच खरवडून बघा. कधी कधी एका बाजूच्या ओळीच गायब असतात आणि कणीस केळ्यासारखं वाकतं, त्याला एक कारण म्हणजे वरच्या केसांचा झुपका खालच्या केसांवर पडून ते झाकले जातात.

अजून एक तपासणी आहे, ती पुढच्या हंगामासाठी लक्षात ठेवा कारण ती वेळेवर करावी लागते. केस आल्यावर आठ-दहा दिवसांनी वेगवेगळ्या ठिकाणची दहा कणसं तोडायची. बुडापासून टोकापर्यंत सालांवर धारदार चाकूने एक उभा काप द्यायचा, खोल नाही, आणि सालं एकेक करून अलगद सोडवायची, केस ओढायचे नाहीत. मग कणीस बुडाशी धरून हळू हलवायचं. ज्या दाण्यांना पराग मिळाला त्यांचे केस आपोआप सुटून गळून पडतात, ज्यांना नाही मिळाला त्यांचे चिकटून राहतात. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मला जादूच वाटली होती, सगळा झुपका हातात गळून आला आणि टोकाला फक्त एक छोटी शेंडी उरली. ती शेंडी म्हणजे तुमचं नुकसान, तिथल्या तिथे मोजता येतं.

याच्यापेक्षा पण सोपी खूण आहे. पराग मिळाला नाही तर केस वाढतच राहतो, रोज इंच-दीड इंच. शेतात शिरल्यावर कणसाला वीतभर लांब, ताजे, हिरवट-पिवळे केस लोंबताना दिसले तर लोक म्हणतात काय छान मिशा आल्यात, पण ती वाट बघणारी कणसं असतात. दाणा धरलेले केस लवकर तपकिरी होऊन सुकतात.

ही खूण मी फार महाग पडून शिकले. आमच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये नर आणि मादी वेगवेगळ्या ओळीत लावतात, चार ओळी मादी, दोन ओळी नर, आणि मादीचे तुरे पराग सुटायच्या आधी रोज सकाळी बायका हाताने उपटतात, म्हणजे मादीला फक्त नराचाच पराग मिळावा. दोघं एकाच वेळी फुलले पाहिजेत म्हणून नर चार दिवस उशिरा पेरायचा असं ठरलं होतं. मादी पेरली आणि पावसाने जो मुक्काम ठोकला तो आठवडाभर हललाच नाही, वाफसा येऊन नर पडला अकराव्या दिवशी. मी म्हटलं होईल ॲडजस्ट, नराला थोडा जास्त युरिया देऊ. नाही झालं. मादीचे केस वीतभर लोंबत होते, मी रोज जाऊन बघत होते आणि नराचे तुरे अजून पोटरीतच (पानांच्या गुंडाळीत, बाहेर न पडलेले). जेव्हा पराग सुटला तेव्हा केस म्हातारे झाले होते (साधारण दहा दिवस ते पराग घेऊ शकतात, पण शेवटी शेवटी नावालाच). कणसांना टोकाकडे थोडे दाणे, बुडाला टक्कल. त्या प्लॉटचं बियाणं अपेक्षेच्या चौथाई पण निघालं नाही आणि शेतकऱ्याच्या अंगणात बसून त्याला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तुमच्या शेतात नर-मादीच्या वेगळ्या ओळी नाहीत, पण घोळ तोच होऊ शकतो. मक्यात तुरा आधी आणि केस एक-दोन दिवसांनी हा नेहमीचा क्रम. झाडाला पाण्याचा ताण बसला की तुरा वेळेवर येतो पण केस मागे पडतात, कारण केसात सगळं पाणीच, पाणी नाही तर तो लांबणार कशाने. चार-पाच दिवस मागे पडले की केस बाहेर येईपर्यंत पराग उडून गेलेला. जानेवारीअखेरची पेरणी म्हणजे तुमचा फुलोरा मार्चच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आला असणार, आणि मार्चअखेर मुरबाड-बदलापूर पट्टा कसा भाजतो ते तुम्हाला मी सांगायला नको, पारा चाळिशीला टेकतो. त्यात तुम्ही लिहिलंय की मोटर जळाली होती. कधी? ते त्याच आठवड्यात असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे म्हणून सांगते. लोक म्हणतात गरमीने पराग मरतो. मरतो, पस्तीस-अडतीसच्या वर कोरड्या हवेत तो काही मिनिटांतच निकामी होतो. पण पराग दुपारी पडतच नाही फारसा, दव सुकलं की सकाळी नऊ ते अकराच्या सुमाराला पडतो, आणि आजचा मेला तरी उद्या सकाळी तुऱ्यातून नवा येतो, एक झाड पाच-सात दिवस पराग सोडत असतं. म्हणून नुसत्या उन्हाने, पाणी व्यवस्थित असेल तर, अख्खं शेत सहसा बसत नाही. ऊन अधिक तहान हे कॉम्बिनेशन घात करतं, केस बाहेरच येत नाहीत नाहीतर आल्या आल्या सुकतात. पावसाळ्यातला प्रकार वेगळा, पाऊस पडत असताना परागाच्या पिशव्या उघडतच नाहीत, थोडी उघडीप मिळाली की काम होऊन जातं, सलग पाच-सहा दिवस झड लागली तर मात्र कणसं विरळ होतात.

आता यात हायब्रिडचा काय संबंध. संबंध आहे, पण शेजारी म्हणतात तो नाही. आपल्याकडे १९६१ मध्ये पहिले हायब्रिड मके आले, गंगा, रणजित, डेक्कन वगैरे, ते डबल क्रॉस होते म्हणजे चार आजी-आजोबांचं रक्त, शेतात झाडाझाडांत थोडा फरक असायचा. आज आपण घेतो ते बहुतेक सिंगल क्रॉस म्हणजे दोनच आई-बापांचे, सगळी झाडं जुळ्या भावंडांसारखी. गावठी मका पंधरा दिवस रमतगमत फुलतो, हायब्रिड चार-सहा दिवसांत सगळा एकदम तुऱ्यात येतो. चांगल्या वर्षी हाच फायदा, भरपूर पराग, भरपूर केस, एकाच वेळी. वाईट आठवडा नेमका तेव्हाच आला तर सगळं शेत एकदम सापडतं. म्हणून मी ओळखीच्यांना सांगते की जमीन जास्त असेल तर चार-पाच दिवस मागेपुढे फुलणारे दोन हायब्रिड शेजारी शेजारी लावा, किंवा एकच दोन टप्प्यांत पेरा, पण टप्पे एकमेकांना चिकटून. हे माझं वैयक्तिक मत आहे, काही लोकांना काढणीची कटकट वाटते.

दुसऱ्या जातीचा पराग पडला तर दाणा जड होतो का असं पण लोक विचारतात. काही हायब्रिडच्या जोड्यांमध्ये थोडा जड होतो, प्रयोगात दिसलंय, सगळ्यांत होत नाही. पण अर्धं कणीस रिकामं असताना त्याचा विचार म्हणजे घर गळतंय आणि आपण पडद्याचा रंग निवडतोय.

परागाचा परिणाम त्याच वर्षीच्या दाण्यावर दिसतो हे मात्र खरं आणि स्वीट कॉर्नवाल्यांना ते फार नडतं. माझ्या ऐरोलीच्या गच्चीवर ड्रममध्ये बारा झाडं स्वीट कॉर्नची होती, हौस म्हणून, आणि कोपऱ्यात नातवाने पॉपकॉर्नच्या पाकिटातले दाणे खोचलेले, ते पण उगवले. सकाळी नऊला तुरा कागदी पिशवीत हलवायचा आणि ती भुकटी केसांवर टाकायची, असं तीन-चार दिवस मी हाताने करत होते, तरी कोपऱ्यातल्या पॉपकॉर्नने हात साफ केलाच. दोन कणसं बियाण्यासारखी सुकवली तर स्वीट कॉर्नचे दाणे सुरकुतून बसले आणि मधे मधे सात-आठ दाणे टुमटुमीत, गुळगुळीत, काचेसारखे कडक. ते सगळे पॉपकॉर्नच्या परागाचे. उकडून खाल्ले असते तर गोडही लागले नसते. तुम्ही पुढे स्वीट कॉर्न लावणार असाल तर शेजाऱ्याचा साधा मका कधी फुलणार ते आधी विचारा, निदान पंधरा-वीस दिवसांचा फरक ठेवा.

बियाण्याच्या शंकेबद्दल. बोगस किंवा भेसळीचं बियाणं असेल तर ते कणसाआधी झाडात दिसतं, उंची वेगवेगळी, तुऱ्याचा रंग वेगळा, काही झाडं आठवडाभर आधी फुललेली, काही मागे. तुमच्या शेताचा जो लांबून काढलेला फोटो आहे त्यात सगळे तुरे फूटपट्टीने आखल्यासारखे एका रेषेत आहेत, ते बियाणं एकजात आहे. तरी पिशवी, लेबल, बिल जपून ठेवा, शंका राहिलीच तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, पण पीक उभं असतानाच, कापल्यावर कोण काय बघणार. मात्र याच कणसांतले दाणे पुढच्या वर्षी पेरू नका, हायब्रिडची दुसरी पिढी विस्कटते, तेव्हा खरंच सगळं मागेपुढे फुलेल.

बोरॉनचं म्हणाल तर माती परीक्षणात कमतरता निघाली तर जरूर द्या, पण सुकलेल्या केसाला आणि भेंडीवर पडलेल्या परागाला बोरॉन काय करणार. आणि हो, अमेरिकन लष्करी अळी, ती २०१८ पासून आपल्या डोक्याला बसलीय, पोंग्यात (शेंड्याच्या पानांच्या सुरळीत) दिसते म्हणून आपण पोंगा बघतो, पण केस आल्यावर कणसाच्या तोंडाशी पण बघा. केस कात्रीने कापल्यासारखे बुडापर्यंत खाल्लेले असतील आणि पराग अजून पडत असेल तर तेवढे दाणे गेले.

पुढच्या वेळी भात निघाला की नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरा, फुलोरा जानेवारीअखेर-फेब्रुवारीत येईल, आपल्याकडे तेव्हा हवा मस्त असते. भेंडी एका बाजूला, मका एका बाजूला, चौकोनात. तुरा पोटरीत दिसायला लागला की त्या दिवसापासून पुढचे तीन आठवडे मोटरवर विश्वास ठेवू नका, शेजाऱ्याच्या विहिरीचं बोलणं आधीच करून ठेवा. त्या दिवसांत दुपारी फवारणी नको आणि सकाळी नऊ ते अकरा तर अजिबात नको.

आत्ताच्या पिकाचं, भरलेली कणसं भाजायच्या अवस्थेत असतील तर ती आधी तोडा, मुरबाडच्या बाजारात जातील, आणि उरलेलं दाण्यासाठी महिनाभर धरून ठेवण्यात तुमचं पाणी जाईल. झाड हिरवं आहे तोवर कापून मुरघासाला किंवा सरळ हिरवा चारा म्हणून द्या, गावात कोणाच्या तरी म्हशी असतीलच. कापायच्या आधी मात्र मधल्या ओळीतली पाच आणि कडेची पाच कणसं सोलून, टोक खरवडून, उजेडात फोटो काढा आणि मोटर कुठल्या तारखांना बंद होती ते लिहा, मग नक्की सांगते.